टायर थांबतील, पॉलिसीची मुदत थांबणार नाही

सोलापूरच्या एका वाचकांनी नव्या गाडीच्या टायरबद्दल सल्ला विचारला आहे. वय ४१, चिंचोळी औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात नोकरी, जुळे सोलापुरात स्वतःचे घर, पत्नी शिकवण्या घेतात आणि मुलगी सातवीत आहे. दसऱ्याला त्यांनी १९ लाखांची एसयूव्ही घेतली. पुण्याला जाताना गाडीने ८० चा वेग ओलांडला की टायरचा घरघराट इतका वाढतो, की मागच्या सीटवरच्या आईशी बोलताना आवाज चढवावा लागतो, अशी त्यांची तक्रार आहे. कंपनी फिटिंगचे टायर ‘दुय्यम दर्जाचे’ असतात असे मित्रांनी सांगितले. टायरच्या दुकानदाराने चांगल्या चार टायरचे ७० हजार सांगितले असून जुन्या टायरचे १६ हजार वजा करायची तयारी दाखवली आहे. उरलेले ५४ हजार क्रेडिट कार्डावर ‘नो कॉस्ट’ हप्त्यांत भरावेत का, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

प्रश्न चार ओळींचा आहे. पत्राच्या उरलेल्या दीड पानात मात्र त्यांनी सहज म्हणून जे लिहिले आहे, ते या ५४ हजारांपेक्षा कितीतरी महाग पडणारे आहे. गाडीचे कर्ज घेताना बँकेतील अधिकाऱ्याने ‘कर्ज लवकर मंजूर होईल’ असे सांगून त्यांना एक विमा पॉलिसी दिली. दरवर्षी दीड लाख रुपये, अशी १० वर्षे भरायची आणि २० वर्षांनी ३० लाख रुपये ‘गॅरंटीड’ मिळणार, म्हणजे वर्षाला साडेसात टक्के, असा हिशोब अधिकाऱ्याने दाखवला. वाचक लिहितात, ‘मुलीच्या शिक्षणाची सोय झाली.’ पॉलिसीचे कागद दोन आठवड्यांपूर्वी ई-मेलवर आले, ते त्यांनी अजून उघडलेले नाहीत.

मुदतीचा प्रश्न असल्यामुळे त्यांना मी आधीच स्वतंत्रपणे कळवले आहे. इतर वाचकांच्याही उपयोगाचे म्हणून ते येथे सविस्तर देतो.

तुमची मुलगी आज १२ वर्षांची आहे. पॉलिसीचे ३० लाख हाती येतील तेव्हा ती ३२ वर्षांची असेल. बारावीनंतरचे शुल्क सहा वर्षांनी भरायचे आहे आणि त्या वर्षी ही पॉलिसी तुम्हाला काही देणार तर नाहीच, उलट आणखी दीड लाख मागणार आहे. शिक्षणासाठी म्हणून घेतलेली वस्तू शिक्षणाच्या ऐन वर्षी हप्ता मागते, एवढी एकच गोष्ट ती रद्द करायला पुरेशी आहे. तरीही ‘दामदुप्पट’ या शब्दाची भुरळ मोठी असते, म्हणून हिशोबही पाहू. तुम्ही १५ लाख भरणार, पण एकदम नव्हे, १० वर्षांत. पहिला हप्ता २० वर्षे अडकतो आणि शेवटचा ११ वर्षे, म्हणजे तुमचा रुपया सरासरी साडेपंधरा वर्षे अडकतो. पैसे दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी ७२ ला भागले की व्याजाचा अंदाजे दर मिळतो. ७२ ला साडेपंधराने भागा, दर निघतो साडेचार टक्क्यांच्या किंचित वर. टपाल कार्यालयात किंवा बँकेत कोणालाही उघडता येणाऱ्या पीपीएफ खात्याचा दर आज ७.१ टक्के आहे. अधिकाऱ्याने तुम्हाला साडेसात टक्के कोठून मोजून दाखवले, हे तोच जाणे. बहुधा १५ लाखांवरचा १५ लाख नफा त्याने नुसता वर्षांनी भागला असेल आणि त्यातही वर्षे सोयीची धरली असतील.

विमा म्हणून पाहिले तरी चित्र सुधारत नाही. अशा पॉलिसीत विम्याची रक्कम साधारणपणे वार्षिक हप्त्याच्या दहापट असते, म्हणजे तुमच्या बाबतीत १५ लाख. घराचे १६ लाख आणि गाडीचे १४ लाख असे तुमच्यावर ३० लाखांचे कर्ज आहे. उद्या काही बरेवाईट झाले तर या विम्यातून निम्मे कर्जच फिटेल आणि मुलीसाठी काहीच उरणार नाही. कारखान्याचा सामूहिक विमा नोकरी आहे तोपर्यंतच. तुमच्या वयाच्या, तंबाखू न खाणाऱ्या माणसाला एक कोटीचा साधा मुदत विमा (फक्त मृत्यू झाल्यास रक्कम देणारा) वर्षाला वीस-पंचवीस हजारांच्या आसपास मिळतो. हे त्या अधिकाऱ्याने सांगितले नाही, कारण त्यात त्याचा फारसा लाभ नाही.

पॉलिसीचे कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करण्याचा अधिकार विमा नियामकाने प्रत्येक जीवन विमा ग्राहकाला दिला आहे. या मुदतीला ‘फ्री लूक’ म्हणतात. या काळात पॉलिसी परत केली की मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि जितके दिवस विमा चालू होता तितक्या दिवसांचा जोखमीपोटीचा हप्ता वजा करून बाकी सर्व पैसे परत मिळतात. दीड लाखांतून फार तर दोन-चार हजार जातील. मुदत उलटली की पहिल्या वर्षी भरलेल्या पैशांचा काही भागच हाती येतो. तुमचे चौदा-पंधरा दिवस गेलेले आहेत आणि उरलेल्यांत दिवाळीच्या सुट्ट्या आहेत.

अर्ज लेखी करा आणि तो बँकेच्या अधिकाऱ्याकडे न देता विमा कंपनीच्या सोलापुरातील शाखेत द्या. सोबत रद्द केलेला धनादेश जोडा, पोच म्हणून शिक्का आणि तारीख घ्या, शिवाय त्याच दिवशी कंपनीच्या ग्राहक सेवेच्या पत्त्यावर ई-मेल करा. दोन दिवसांत फोन येईलच: ‘साहेब, एक वर्ष भरून तर बघा, नंतर बंद करू.’ कर्जावर परिणाम होईल अशी भीतीही कदाचित घातली जाईल. कर्ज मंजूर होऊन गाडी दारात उभी आहे. कर्जासोबत पॉलिसी घेतलीच पाहिजे, अशी सक्ती बँकेला करता येत नाही. कंपनीने टाळाटाळ केली तर नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते आणि त्यापुढे पुण्याला विमा लोकपालांचे कार्यालय आहे. एरवी मी नवा विमा हाती आल्याशिवाय जुना सोडू नका असे सांगतो, पण येथे तेवढी सवड नाही, म्हणून मुदत विम्याचा अर्ज त्याच आठवड्यात करा आणि त्यात प्रकृतीविषयी काहीही लपवू नका.

आता दुसरी चूक. गाडीसाठी भरलेले पाच लाख तुम्ही मुलीच्या नावाने पाच वर्षे चालवलेल्या एसआयपीतून (म्युच्युअल फंडातील दरमहा गुंतवणुकीतून) काढले आणि महिन्याची आठ हजारांची ती एसआयपीही ‘तात्पुरती’ थांबवली. आता त्यात १ लाख २० हजार उरले आहेत, आणि त्यावर १८ टक्के मिळतील असे तुम्ही धरून चालला आहात. सलग सहा वर्षे १८ टक्के मिळतील असे कोणी लिहून देत असेल, तर त्याच्याकडून ते खरोखर स्टँप पेपरवर लिहून घ्या.

महिन्याचा हिशोब मी तुमच्याच आकड्यांवरून मांडतो. दोघांचे मिळून ९५ हजार घरी येतात. घराचा हप्ता १८ हजार आणि गाडीचा, १४ लाखांवर साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांचा, सुमारे २२ हजार ९००. महिन्याला हजार किलोमीटरचे डिझेल सात हजारांचे, गाडीचा विमा आणि देखभाल मिळून चार हजार. म्हणजे गाडी तुम्हाला २३ नव्हे, ३४ हजारांना पडते. त्यात पॉलिसीचे महिन्याला साडेबारा हजार धरले, तर घर चालवायला ३० हजार राहतात. आठ हजारांची एसआयपी ‘तात्पुरती’ का थांबली आणि पुन्हा का सुरू होणार नाही, हे यावरून दिसते.

पॉलिसी परत केली की हे साडेबारा हजार मोकळे होतात. त्यातले दोन हजार मुदत विम्याला द्या. उरलेले साडेदहा हजार सहा वर्षे, निम्मे आवर्ती ठेवीत आणि निम्मे साध्या निर्देशांक फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकाबरोबर चालणाऱ्या म्युच्युअल फंडात) टाका, आणि शेवटच्या तीन वर्षांत फंडातले पैसे टप्प्याटप्प्याने ठेवीत आणा. सात टक्के धरले तरी मुलीच्या बारावीपर्यंत, आज शिल्लक असलेल्या रकमेसह, सुमारे ११ लाख होतात. सुकन्या समृद्धी खाते मुलगी १० वर्षांची होईपर्यंतच उघडता येते, त्यामुळे ती वाट आता बंद आहे. परत येणारे दीड लाख बचत खात्याला जोडलेल्या ठेवीत ठेवा. तुमच्याकडे आज अडीअडचणीसाठी काहीच नाही, आणि हप्त्यांसह घरखर्च पाहता ही रक्कम दोन महिनेही पुरणार नाही. त्यामुळे टायर या पैशांतून घ्यायचे नाहीत.

राहता राहिले टायर. कंपनी फिटिंगचे टायर दुय्यम दर्जाचे असतात हे खरे नाही. गाडी बनवणारी कंपनी टायर कंपनीला आपल्या अटी देते, आणि त्या अटींत मायलेज, टिकाऊपणा आणि किंमत यांना शांततेपेक्षा जास्त वजन असते. रस्त्याला कमी चिकटणारा, कडक रबराचा टायर इंधन वाचवतो आणि जास्त चालतो, पण गुणगुणतोही जास्त. आवाजाची तक्रार उत्पादनातील दोष म्हणून वॉरंटीत सहसा बसत नाही. शिवाय टायरची वॉरंटी बहुधा टायर कंपनीची असते, गाडी कंपनीची नव्हे.

खर्च करण्यापूर्वी मात्र फुकटची कामे करून घ्या. यार्डात उभ्या गाड्यांच्या टायरमध्ये हवा मुद्दाम जास्त भरलेली असते आणि ती उतरवायचे काम शोरूममध्ये अनेकदा राहून जाते. चालकाच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या तक्त्यात योग्य दाब दिलेला असतो. सकाळी गाडी हलवण्यापूर्वी तो तपासा, कारण सोलापूरच्या उन्हात दुपारी तापलेल्या टायरवर घेतलेला आकडा फसवा असतो. टायर किती जुना आहे हे कळण्यासाठी त्याच्या कडेवरचे शेवटचे चार अंक वाचा. २३२५ असेल तर टायर २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यातला. एकाच वेगाने गाडी नव्या डांबरावर आणि मग काँक्रीटच्या पट्ट्यावर चालवा. आवाज रस्त्यानुसार बदलला तर टायरचा, समोरच्या वाऱ्याबरोबर वाढला तर दारांच्या रबराचा आणि वळणावर बदलला तर चाकाच्या बेअरिंगचा असू शकतो. बेअरिंगचा निघाला तर काम वॉरंटीत होईल आणि ५४ हजारांचे टायर घालूनही तो आवाज गेला नसता. चाचणीसाठी गाडी सात रस्त्यापासून होटगी रस्त्यापर्यंत, चाळिसच्या वेगाने आणि गाणी लावून चालवली, असे तुम्हीच लिहिले आहे. विक्रेत्याने गाणी उगाच लावली नव्हती.

इतके करूनही आवाज टायरचाच ठरला, तर ५४ हजार चार वर्षांवर पसरले असता महिन्याला अकराशे रुपये होतात. आईला घेऊन वरचेवर पुण्याला जाणाऱ्या कुटुंबाने शांततेसाठी तेवढे मोजले, तर मी त्याला उधळपट्टी म्हणणार नाही. पण गुढीपाडव्यापर्यंत थांबा आणि रोख द्या. ‘नो कॉस्ट’ हप्त्यांत प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी तुमच्याच माथी येतो. थांबल्यामुळे जुन्या टायरचे १६ हजारांऐवजी दहाच मिळतील, हे मला मान्य आहे. हातात शिल्लक नसताना कार्डावर कर्ज करण्यापेक्षा ते सहा हजार सोडलेले परवडतील. घ्याल तेव्हा माप आणि भार क्षमतेचा अंक कंपनी फिटिंगइतकाच असू द्या, चारही टायर एकदम बदला, व्हील अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या आणि बिलावर चारही टायरचे अनुक्रमांक लिहून घ्या.