दोष पट्टीत की भिंतीत?

प्रश्न : परभणीत वसमत रोडला दोन खोल्या भाड्याने घेतल्यात. भाडं महिना ४,५०० रुपये, कागद केलेला नाही. स्वयंपाकघरातली ट्यूबलाइट फडफडते. ट्यूब बदलली, स्टार्टर बदलला, तरी तेच. बायको ट्यूबची पट्टी पुसायला गेली, तर बटण बंद असूनही झटका बसला. इलेक्ट्रिशियन म्हणतो वायरिंगच बदला, ३,२०० रुपये. मालक म्हणतात, "वापरता तुम्ही, तर तुम्हीच करा, नाहीतर खोली खाली करा." हे पैसे भाड्यातून कापता येतील का?

उत्तर : येतील, पण नोटीस दिल्यावरच.

आधी त्या झटक्याचं. बटण बंद असताना पट्टीत करंट राहतो, तेव्हा बहुधा बटणावरून फेज म्हणजे करंट आणणाऱ्या वायरीऐवजी न्यूट्रल म्हणजे परतीची वायर नेलेली असते. अर्थिंगही बहुधा केलेलं नसेल. मेन स्विच पाडल्याशिवाय पट्टीला हात लावू नका. आणि तुमच्या प्रकरणाची मेखही इथेच आहे. ट्यूब, स्टार्टर, चोक वापराने जाणारच. त्यासाठी मालकाशी भांडणं म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. वायरिंगचं तसं नाही, ती घराचा भाग आहे. म्हणून दोष नेमका कुठे, हे इलेक्ट्रिशियनकडून तारीख-सहीनिशी लिहून घ्या. ट्यूब-स्टार्टर घरी बदलता येतात, वायरिंगचं काम मात्र परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावं लागतं. बिल त्याचंच हवं.

आता कायदा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, वेगळा करार नसेल तर घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. मराठवाड्यात पूर्वी हैदराबादचा १९५४ चा घरभाडे कायदा होता; ३१ मार्च २००० पासून त्याची जागा या कायद्याने घेतली. मालकाला किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्या. त्यात दोष, अंदाजे खर्च आणि मुदत लिहा, पोचपावतीसह पोस्टाने पाठवा. मुदतीत त्यांनी काही केलं नाही, तर काम करून घ्या आणि खर्च भाड्यातून वळता करा. वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच कापता येतं. तुमचं वर्षाचं भाडं ५४,०००, म्हणजे मर्यादा १३,५००. तुमचे ३,२०० सहज बसतात.

"दुरुस्ती तुमच्याकडेच ठरली होती," असं मालक म्हणतील. म्हणू द्या. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी कलम ५५ ने मालकावर टाकली आहे. नोंदणीकृत कागद नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. कागद न करणं त्यांनाच महागात पडेल.

एक चूक मात्र करू नका : रागाच्या भरात अख्खं भाडं थांबवू नका. मालकाला थकबाकीचं आयतं कारण मिळेल. कापलेली रक्कम सोडून बाकी भाडं दर महिन्याला यूपीआयने द्या, म्हणजे पुरावा राहतो.

"खोली खाली करा" ही धमकी तोंडी आहे तोवर तिला किंमत नाही. कोर्टाच्या हुकमाशिवाय तुम्हाला कोणी काढू शकत नाही. चिडून त्यांनी लाईटच तोडली, तर कलम २९ खाली परभणीच्या दिवाणी न्यायालयात अर्ज करा. पुरवठा पूर्ववत करण्याचा आदेश तिथे मागता येतो, अंतरिम आदेशही मिळू शकतो. जाताना नोटिशीची पोचपावती आणि भाडं दिल्याचा पुरावा सोबत न्या.