गोटे चमकवायचं मशीन घ्या, पण गटाच्या कर्जातून नको

ताई, आधी तुमचा हिशोब माझ्या शब्दांत मांडतो, कुठं चुकलो तं लगेच टोका. मेहकरजवळचं गाव, तुमची शिलाई महिन्याला साडेपाच-सहा हजार, घरची चार एकर सोयाबीन-तूर, सोसायटीचं पीककर्ज 80,000, खात्यात शिल्लक 9,000, अन् नववीतल्या पोराला पैनगंगेच्या पात्रातून रंगीत गोटे गोळा करायचा नाद. आता मायलेकानं ठरवलं की रॉक टंबलर घ्यायचा, गोटे चमकवायचे, तारेत गुंफून पेंडंट करायचे अन् लोणारला येणाऱ्या पर्यटकांना विकायचे, त्यासाठी बचत गटातून 10,000 उचलायचे शेकडा दोननं. विचारता काय, की 4,800 चा घेऊ, 7,200 चा घेऊ, 13,500 चा घेऊ, का दिराच्या हातून कूलरच्या मोटरवर घरीच बनवून घेऊ.

पोराचा नाद भारी आहे, त्याला नाही म्हणू नका. माल पण आहे तुमच्याकडं. आपल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत तयार झालेली गारगोटी, अकीक, जास्पर हे झिजून नदीत येते, कडकपणा मोह्सच्या 1 ते 10 च्या मापावर साडेसहा-सात, टंबलरला असाच दगड लागते. काळा दगड स्वतः काही तशी चमक धरत नाही, तो पोराला पिशवीत घालू देऊ नका. अन् लोणार सरोवराच्या आतला एक खडा पण उचलायचा नाही, ते अभयारण्य आहे.

आता पैशाचं. मशीनची किंमत सगळ्यांना दिसते, मशीन खाते काय ते कोणी विचारत नाही. टंबलरमध्ये गोटे, पाणी अन् सिलिकॉन कार्बाइडची पावडर (दगड घासायची कडक भुकटी) टाकून डबा रात्रंदिवस फिरत ठेवावा लागते, आधी जाड पावडर, मग मध्यम, मग बारीक, मग शेवटी पॉलिश, एकेका टप्प्याला आठवडाभर धरा, कधी जाड टप्प्यालाच दोन आठवडे लागतात. म्हणजे एक बॅच म्हणजे एक महिना, चोवीस तास मोटर चालू.

म्हणून दिराच्या जुगाडाची मला धास्ती वाटते. कूलरची मोटर फुकट मिळाली हे खरं, पण ती 120 वॅटची असली तं दिवसाला जवळपास 2.9 युनिट, महिन्याला 86. तुमचं बिल तुम्ही लिहिलं तसं महिन्याला 70 युनिट. म्हणजे 156 वर गेलात, आणि 100 च्या वरच्या युनिटला महावितरणचा दर जवळपास दुप्पट लागते. बिलात आठ-नऊशे रुपये वाढतील, दर महिन्याला! तेच लहान टंबलरची मोटर 25 वॅटची असली तं महिन्याला 18 युनिट, तुम्ही 88 वर राहता, शंभरच्या आत, सव्वाशे रुपयात भागते. फुकटची मोटर वर्षात दोन टंबलर... बरं दोन नाही, पण एक नवा टंबलर सहज खाऊन टाकते. अन् तुमच्या शिलाई मशीनची मोटर लावायचा विचार डोक्यात आला असेल तं तो काढूनच टाका, ती थांबत थांबत चालवायची मोटर आहे, दिवस-रात्र चालवली तं जळते, मग शिलाईचे सहा हजार पण गेले.

13,500 वाला बाहेरचा आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मोटरवर 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ लिहिलं आहे, आपल्याकडं 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर वेगळा घ्या, तरी मोटर सहाव्या हिश्शानं हळू फिरेल, अन् बेल्ट तुटला तं तो मेहकरात काय अकोल्यात पण भेटणार नाही. हा कटाप. 4,800 वाला म्हणजे एक पौंडाचा प्लॅस्टिकचा डबा, लहान पोरांच्या खेळण्यात मोडते, इतका खडखडते की दोन खोल्यांच्या घरात महिनाभर कोणी झोपणार नाही, अन् एका वेळेस मूठभर गोटे. स्वस्त वाटते, पण महिन्याचा वेळ तेवढाच लागते ना त्याला.

उरला 7,200 वाला. 230 व्होल्ट, रबरी डबा, तीन पौंड. हाच घ्या, पण दुकानदाराला घेण्याआधी तीन गोष्टी विचारा, मोटर किती वॅटची, बेल्ट सुटा मिळते का, अन् दुसरा डबा वेगळा किती. दुसरा डबा काहून, तं पॉलिशच्या टप्प्यात जाड पावडरीचा एक कण जरी राहिला तरी सगळ्या गोट्यांवर ओरखडे, महिन्याची मेहनत पाण्यात.

आता धंद्याचं बोलू, इथं तुम्ही थोडं जास्तच स्वप्न पाहिलं. तुमच्या यादीत चारी टप्प्यांची पावडर 1,500 ला आहे, तीन बॅच पुरली असं धरू, म्हणजे बॅचला 500, वीज सव्वाशे, झाले 625. डब्यात पाऊण-एक किलो गोटे बसतात, घासून वजन घटते, काही तडकतात, काहींना खड्डे राहतात, पेंडंटजोगे 25 निघाले तं खूश व्हा. एका गोट्याला 25 रुपये, त्यात मशीनची किंमत पहिल्या वर्षाच्या बारा बॅचवर वाटली तं आणखी 24, म्हणजे 49, तार-दोरी-तुमची मेहनत वेगळी. अन् समोर कोण आहे? गुजरातचं खंभात. तिथं अकीक घासायचा धंदा पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे, चमकवलेले गोटे किलोवर विकतात, त्यांच्या भावाशी तुमच्या एका डब्याची बरोबरी होऊच शकत नाही.

म्हणून उलटं करा. मशीन नंतर, आधी विक्री. खंभातचे तयार गोटे अर्धा किलो मागवा, वीस-पंचवीस पेंडंट करा अन् गटाच्या प्रदर्शनात, लोणारला, जमलं तं शेगावात मांडून पाहा (गिऱ्हाइकाला खंभातचा माल आहे हे सांगूनच हं, पैनगंगेचा म्हणून खपवू नका). दीड-दोन महिन्यांत निम्मे पण नाही गेले तं तुमचे हजार-दीड हजार अडकले, दहा हजाराचं कर्ज डोक्यावर नाही बसलं. गेले तं मग पैनगंगेचा गोटा, पोरानं वेचलेला, घरी घासलेला, याला दहा-वीस रुपये जास्त मागता येतात, तिथं खंभातवाला तुम्हाला मारू शकत नाही. हां, विक्री चालली अन् ट्रॅक्टरनं गोटे आणायचा मोह झाला तं थांबा, अकीक 2015 पासून गौण खनिजात आहे, सरकारी परवानगी लागते. पोराची पिशवी वेगळी अन् ट्रॉली वेगळी.

कर्जाचं माझं मत सरळ आहे, नको. शेकडा दोन म्हणजे वर्षाला चोवीस टक्के, दर महिन्याला मुद्दल फेडत गेलात तरी दहा हजारावर वर्षात 1,300 व्याज. गटाचं कर्ज दवाखान्याला, पेरणीला ठेवा. अन् खात्यातल्या 9,000 ला पण मार्चपर्यंत हात लावू नका, काहून की तुमच्या सोसायटीची मुदत मार्चअखेर आहे. पीककर्ज मुदतीत भरलं तं 3 लाखांपर्यंत व्याज शून्य पडते, चुकलं तं 80,000 वर सात टक्क्यांनी 5,600. तुरीच्या पैशात पाच-सहा हजार कमी पडले अन् तुमची शिल्लक मशीनमध्ये गेलेली असली, तं 7,200 चा टंबलर तुम्हाला 12,800 ला पडला. हे घरच्यांना पण वाचून दाखवा.

मग कधी घ्यायचा? एप्रिल-मेमध्ये नाही, टिनाच्या खोलीत त्या उन्हात चोवीस तास मोटर चालवणं म्हणजे ती मारणंच आहे, पण नदी तेव्हाच कोरडी असते, पोराला सुट्टी असते, गोटे वेचून, धुऊन, तडे गेलेले बाजूला काढून ठेवू द्या. जूनमध्ये पैसा बियाण्याला जाते. एप्रिलपासून शिलाईतले महिन्याला 1,200 वेगळे काढले तं सप्टेंबरअखेर 7,200 होतात, नगदी, बिनव्याजी. पावडरीचे 1,500 पेंडंटच्या विक्रीतून आले पाहिजेत, नाही आले तं समजायचं की हा पोराचा छंद आहे, धंदा नाही, अन् छंद म्हणून घ्यायचा की नाही हे तुम्ही घरात ठरवा, त्यात माझं काही म्हणणं नाही.

डब्यातला चिखल मोरीत ओतू नका, सिमेंटसारखा बसते, पाइप फोडावा लागते. वाळला तं झाडू पण नका त्याला, ती धूळ छातीला वाईट, ओला असतानाच अंगणाबाहेर खड्ड्यात टाका. अन् दुकानदार मोटरचे वॅट सांगायला टाळाटाळ करत असला तं मोटरवरच्या पट्टीचा फोटो मागवा, 40 च्या वर असली तं मला कळवा, हिशोब परत लावावा लागेल.