आधी बाईकवरून जागा बघा, मग ट्रेलर आत न्या

तुमचा प्रश्न असा की लॉस एंजेलिसपासून दोन-तीन तासांत डर्ट बाईक चालवता येईल आणि तिथेच, नळ-वीज-संडास काहीही नसलेल्या मोकळ्या जागी ट्रेलर लावून राहता येईल, अशी ठिकाणं शोधायची कशी. सोबत २४ फुटी टॉय हॉलर (मागच्या भागात बाईका ठेवता येतात असा राहायचा ट्रेलर), दोन मुलं आणि तुमची पहिलीच खेप. मी गेली नऊ वर्षं दर हिवाळ्यात मोहावे वाळवंटात जातोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शोधाची सुरुवात कॅम्पिंगच्या ॲपवरून करू नका. तिथे कुणीतरी राहून गेलंय एवढंच त्यातून कळतं. त्या जागेवरून बाईक काढायला परवानगी आहे का, हे कळत नाही. जमीन कुणाची आहे, ते आधी बघा. आपल्या कामाच्या बहुतेक जागा ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम या केंद्र सरकारच्या जमिनी सांभाळणाऱ्या खात्याच्या, नाहीतर फॉरेस्ट सर्व्हिस या केंद्राच्या वनखात्याच्या असतात. बीएलएमच्या ‘ओपन एरिया’त आखलेल्या वाटा सोडूनही बाईक चालवता येते आणि मोकळी जागा बघून ट्रेलर लावता येतो. २८ दिवसांत जास्तीत जास्त १४ दिवस राहायचं. ओपन एरियाची हद्द संपली की मात्र फक्त खुणा केलेल्या वाटांवरूनच जायचं, म्हणून हद्द कुठे आहे ते मुलांनाही दाखवून ठेवा. फॉरेस्ट सर्व्हिसच्या जमिनीवर गाडी कुठे नेता येते ते दाखवणारा ‘मोटर व्हेइकल यूज मॅप’ फुकट मिळतो. ॲव्हेंझा या नकाशांच्या ॲपमध्ये घरूनच उतरवून घ्या, नेटवर्क नसलं तरी चालतो. त्यात रस्त्याच्या कडेने बारीक ठिपके असतील तर ठरावीक अंतरापर्यंत गाडी आत घेऊन मुक्काम करता येतो. ठिपके नसतील तर मुक्कामासाठी गाडी रस्ता सोडून आत न्यायची नाही.

तुमच्यासाठी माझ्या मते जॉबोन कॅन्यन आणि डव्ह स्प्रिंग्ज हे बीएलएमचे दोन ओपन एरिया बरे. मोहावे गावापासून हायवे १४ ने उत्तरेला साधारण २० मैलांवर जॉबोन स्टेशन हे माहिती केंद्र आहे. तिथे थांबून छापील नकाशा घ्या आणि त्या आठवड्यात कुठली वाट बंद आहे ते विचारा. फोनवरच्या माहितीपेक्षा तिथल्या माणसांचं बोलणं जास्त कामाला येतं. जॉबोनमध्ये उंच चढ आहेत, नवख्यांना ते जड जातात. डव्ह स्प्रिंग्जमध्ये वाळूचे ओढे, लहान टेकड्या आणि अरुंद एकेरी वाटा असं सगळं मिळतं, म्हणून मुलं असतील तर मी तिकडे जातो. जॉबोनला एक चक्कर मात्र माराच. लॉस एंजेलिसला पाणी नेणारा १९१३ चा पोलादी नळ तिथे एका डोंगरावरून खाली उतरून समोरच्या डोंगरावर चढतो. त्याचे तुकडे तेव्हा ५२ खेचरं जुंपून ओढून आणले होते. माझी मुलगी तो नळ बघायला दरवर्षी हट्टाने जाते.

आता ट्रेलरचं. दुसऱ्या वर्षी मी अंधारात पोचलो आणि समोर सपाट दिसलं म्हणून ट्रेलर सरळ आत घातला. ती कोरड्या ओढ्याची वाळू होती. वरचा थर कडक, खाली पिठासारखी भुसभुशीत. ट्रकची मागची चाकं अर्धी रुतली आणि ट्रेलर वाकडा होऊन बसला. रात्रभर तसेच तिरके झोपलो, सकाळी शेजारच्या कॅम्पवाल्यांनी दोन तास फावडी मारून, चाकांतली हवा कमी करून बाहेर काढलं. तेव्हापासून मी उजेडातच पोचतो, ट्रेलर पक्क्या रस्त्याजवळ उभा करतो, बाईक उतरवून आत जातो आणि जागेवर पायी फिरतो. टाच रोवून बघायची. आत गेली तर जागा सोडायची. आणि ट्रेलर वळवायला जागा आहे का, हे आत नेण्याआधीच बघायचं, कारण अरुंद वाटेवर २४ फूट मागे घेणं फार कठीण जातं. ओढ्याच्या पात्रात मुक्काम कधीच करू नका, लांब डोंगरात पडलेला पाऊस तिथून वाहत येतो.

मोहावेच्या पश्चिमेला टेहाचपीच्या डोंगरांवर पवनचक्क्यांचं रान उगाच उभं नाही. दुपारनंतर वारा उठतो. ट्रेलरचं तोंड वाऱ्याकडे करून लावा आणि बाईकवर जाताना ऑनिंग, म्हणजे ट्रेलरबाहेर पसरायचं कापडी छत, गुंडाळूनच जा.

पाणी मोहावे गावातच भरून घ्या. प्यायचं पाणी वेगळं, माणशी रोज एक गॅलन तरी. टाकीतलं पाणी संपतं ते अंघोळीने आणि भांड्यांनी. आम्ही मसालेभात, पिठलं असं एका भांड्यातलं करतो, ताटं आधी कागदाने कोरडी पुसतो, मग कपभर पाण्यात धुतो. सांडपाण्याची टाकी वाळवंटात मोकळी करायची नाही, भाजीचं देठसुद्धा परत आणायचं. या जागा उघड्या राहिल्यात त्या अशा सांभाळण्यामुळेच, मला हे फार मनापासून वाटतं.

कागदपत्रं: रस्त्याची नंबर प्लेट नसलेल्या प्रत्येक बाईकला ग्रीन स्टिकर (रस्त्याबाहेर चालवायची कॅलिफोर्नियाची नोंदणी), सायलेन्सरला ठिणगीरोधक. शेगडी पेटवायलाही कॅलिफोर्नियाचं कॅम्पफायर परमिट लागतं, ऑनलाइन फुकट मिळतं. शेजारच्या रँड माउंटन्समध्ये जायचं मनात असेल तर तिथले सध्याचे नियम बीएलएमला आधी विचारा, तसेच जाऊ नका.

निघताना ट्रकच्या आणि ट्रेलरच्या खाली वाकून बघायची सवय मुलांना लावा. वाळवंटी कासव सावलीसाठी चाकाशी येऊन बसतं. १९९० पासून ते संरक्षित आहे. दिसलं तर उचलू नका. घाबरलं की साठवलेलं पाणी ते लघवीवाटे सोडून देतं, आणि पुढे पाणी मिळालं नाही तर मरतं. आम्ही एकदा पाऊण तास गाडी बंद ठेवून बसलो होतो, ते आपलं आपण निघून जाईपर्यंत.

धुळीबद्दलही सांगतो. या कर्न काउंटीच्या मातीत व्हॅली फीव्हर या फुप्फुसांच्या आजाराची बुरशी असते. तोंडावर फडकं बांधा, मुलांना बापाच्या धुळीत मागे ठेवू नका. परत आल्यावर काही आठवड्यांनी खोकला-ताप रेंगाळला तर डॉक्टरांना वाळवंटात गेलो होतो हे आवर्जून सांगा, नाहीतर साधा न्यूमोनिया समजून औषधं चालू राहतात.

एवढं सगळं पहिल्याच वेळी जड वाटलं तर आधी एकदा ओकोटिलो वेल्स या दक्षिण कॅलिफोर्नियातल्या, राज्य सरकारच्या बाईक चालवायच्या जागी जा. ८५,००० एकरांहून मोठा माळ, मुक्काम फुकट, काही ठिकाणी संडासही आहेत. आग मात्र लोखंडी भांड्यातच पेटवायची आणि राख घरी आणायची. ऑक्टोबर ते एप्रिल हे दिवस चांगले, त्यातही थँक्सगिव्हिंगचा आठवडा सोडा, तेव्हा गर्दीत लहान मुलांच्या बाईका कुणाला दिसत नाहीत. जानेवारीतला एखादा साधा शनिवार धरा. रात्री पाणी गोठतं, तेव्हा टाकीचा नळ झोपण्याआधी झाकून ठेवा.