मोबाइलमधला वर्ग आणि प्रौढ विद्यार्थी : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : माझे वय ४६ आहे. लग्न ठरल्यामुळे नववीत शाळा सुटली. आता दहावी व्हावे असे फार वाटते, पण मुलामुलींच्या शेजारी वर्गात बसण्याचा संकोच वाटतो. घरात मोबाइल एकच असून तो दिवसभर मुलाकडे असतो. ऑनलाइन अभ्यास करून हे जमेल का? (गृहिणी, बार्शी)

उत्तर : जमेल, आणि वर्गात बसावेही लागणार नाही. राज्य मंडळाची दहावी खासगी विद्यार्थी म्हणून, म्हणजे आपल्याकडे सर्रास म्हणतात तो ‘१७ नंबरचा फॉर्म’ भरून देता येते. हा अर्ज आता ऑनलाइन भरला जातो आणि जवळची एखादी शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळते. दुसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा आहे. तेथे पाच विषय घेऊन उत्तीर्ण व्हायचे असते, मराठी माध्यम मिळते, पाच वर्षांत नऊ संधी असतात आणि एकदा सुटलेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. संसार सांभाळून शिकणाऱ्या व्यक्तीला मी हा दुसरा मार्ग सुचवतो, कारण एका वर्षी घरात लग्न किंवा आजारपण निघाले तरी केलेला अभ्यास वाया जात नाही.

तुमची खरी अडचण अभ्यासक्रमाची नसून मोबाइलची आहे. एका मोबाइलच्या घरात तो आईच्या हाती सर्वांत शेवटी येतो, आणि तेव्हा बहुधा बॅटरी संपत आलेली असते. म्हणून छापील पुस्तक हाच अभ्यासाचा कणा ठेवावा आणि व्हिडिओ फक्त गणितात किंवा विज्ञानात अडेल तेथेच पाहावा. मुलाशी बोलून रात्रीचा पाऊण तास तुमच्या नावाने ठरवून घ्या. संकोचाच्या बाबतीत मात्र मोबाइलचा मोठा उपकार आहे : एकच उदाहरण दहा वेळा मागे नेऊन पाहिले तरी तो कंटाळत नाही आणि हसतही नाही.

प्रश्न : आमच्या कारखान्याने सुरक्षेचे सर्व प्रशिक्षण ऑनलाइन केले. अहवालात ‘१०० टक्के पूर्ण’ असे दिसते, तरीही थोडक्यात टळलेल्या अपघातांची संख्या कमी होत नाही. चूक कोठे होत असावी? (प्रशिक्षण अधिकारी, चाकण)

उत्तर : तुमचा अहवाल खोटा नाही, पण तो भलत्याच गोष्टीचा आहे. कामगार पडद्यासमोर किती वेळ होता हे त्यातून कळते. तो काय शिकला हे कळत नाही. काही वर्षांपूर्वी मीच एका कारखान्यासाठी असा अभ्यासक्रम तयार केला होता. ‘पुढे’ हे बटण ठरावीक वेळाने आपोआप सुरू होते हे मंडळींनी दोन दिवसांत हेरले आणि डबा खाताना एका हाताने ते दाबत सगळे उत्तीर्ण झाले. दोष त्यांचा नव्हता, माझा होता. वीस वर्षे प्रेस मशीन चालवणाऱ्या माणसाला मी ‘सुरक्षा म्हणजे काय’ येथून सुरुवात करायला लावली होती. प्रौढ माणूस शिकायला बसतो तो रिकाम्या पाटीने बसत नाही. त्याच्या अनुभवाला वाव मिळाला नाही, तर तो शरीराने हजर राहतो आणि मनाने निघून जातो.

दुसरे कारण विस्मरणाचे आहे. शिकलेले किती झपाट्याने विसरले जाते हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून मांडले होते. वर्षातून एकदा सलग दोन तास दिलेले प्रशिक्षण त्यामुळेच वाहून जाते. तेच दोन तास पाच-पाच मिनिटांचे तुकडे करून वर्षभर पसरले, आणि प्रत्येक तुकड्यात माहिती न सांगता आधीचे आठवायला लावणारा एक प्रश्न विचारला, तर पुष्कळ फरक पडतो. या कामासाठी मोबाइल उत्तम आहे.

व्हिडिओ बाहेरून विकत आणू नका. तुमच्याच शॉपफ्लोअरवर, तुमच्याच मशीनवर, तुमच्याच एखाद्या जुन्या ऑपरेटरकडून दोन मिनिटांचे चित्रीकरण करून घ्या. कंत्राटी कामगार परराज्यांतले असतील तर हिंदीतही करा. शिफ्टच्या सुरुवातीच्या टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे मशीनजवळ उभ्याउभ्या होणाऱ्या सुरक्षेच्या छोट्या गप्पांत, आदल्या दिवशीच्या टळलेल्या अपघाताचा फोटो दाखवून ‘येथे काय चुकले?’ एवढेच विचारा. दोषी माणसाचे नाव मात्र घेऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी फोटोच येणार नाही. दुरुस्तीआधी मशीन चुकून सुरू होऊ नये म्हणून वीजपुरवठा तोडून कुलूप लावण्याची कृती तर पडद्यावर ‘पूर्ण’ होऊच शकत नाही; ती प्रत्यक्ष मशीनवर करून दाखवल्यावर सुपरवायझरने सही करावी आणि तीच सही अहवालात मोजावी.

प्रश्न : मी नोकरी करतो. ‘स्वयम्’ या मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या सरकारी संकेतस्थळावर चार अभ्यासक्रमांना नाव नोंदवले, एकही पूर्ण झाला नाही. माझ्यातच चिकाटी नाही का? आणि ऑनलाइन पदवी नोकरीत चालते का? (लिपिक, मडगाव)

उत्तर : चिकाटीबद्दल इतके मनाला लावून घेऊ नये. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या मुक्त ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या नोंदी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाल्या, तेव्हा २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी अवघ्या ३.१३ टक्के लोकांनी अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे दिसले. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांमध्ये हेच प्रमाण ४६ टक्के होते. फुकट मिळालेले सोडणे सोपे जाते, हा त्यातला एक भाग झाला. ज्यांना मुळात गरज होती त्यांनीच पैसे भरले, हा दुसरा. तेव्हा चार सोडून एकच अभ्यासक्रम धरा, त्याच्या परीक्षेचे शुल्क भरून टाका आणि कचेरीतला एखादा सहकारी सोबतीला घ्या.

पदवीबद्दल सांगायचे तर विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्यता दिलेली ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष आहे. प्रवेशापूर्वी आयोगाच्या यादीत त्या विद्यापीठाबरोबर तो विशिष्ट अभ्यासक्रमही आहे का, हे स्वतः पाहा. जाहिरातीवर विसंबू नका.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून ‘उल्लास’ या सरकारी प्रौढ साक्षरता कार्यक्रमात स्वयंसेवक आहे. एक आजी म्हणाल्या, ‘मी बोलते आणि मोबाइल लिहितो, मग मला अक्षरे कशाला?’ मला उत्तर सुचले नाही. (सातारा)

उत्तर : आजींचा प्रश्न रास्त आहे, आणि तो उडवून लावला असता तर त्या पुन्हा आल्या नसत्या. नातवाला निरोप पाठवण्यापुरती त्यांची गरज खरोखरच भागली आहे. बोलता येणे आणि पडताळता येणे यांत मात्र अंतर आहे. मोबाइलने काय लिहिले ते बरोबर आहे की नाही, हे आज त्यांना दुसऱ्यालाच विचारावे लागते. पैशाच्या व्यवहारात हे परावलंबन महागात पडते. ‘पैसे मिळवण्यासाठी पिन टाका’ असे सांगणारा भामटा फोनवर गोडच बोलतो. यूपीआयवर पैसे स्वीकारायला पिन लागत नाही, हे ठाऊक असलेल्या आणि पडद्यावरची रक्कम स्वतः वाचणाऱ्या बाईला तो फसवू शकत नाही.

‘उल्लास’ १५ वर्षांवरील सर्वांसाठी असून त्यात अक्षरओळखीबरोबर संख्याज्ञान आणि डिजिटल व आर्थिक साक्षरतेसारखी जीवनकौशल्येही धरली आहेत. शेवटची १५० गुणांची चाचणी वाचन, लेखन आणि संख्याज्ञान अशी विभागलेली आहे. या आजींच्या बाबतीत तिसऱ्या भागापासून आरंभ करा. पहिल्या दिवशी ‘अ’ काढू नका. त्यांच्याच मोबाइलवरचा बँकेचा संदेश उघडा. तो बहुधा इंग्रजीत असेल, हरकत नाही. किती रुपये, ते जमा झाले की गेले, आणि खात्यात किती उरले, एवढे तीन आकडे-शब्द त्यांना नुसत्या आकारावरून ओळखता येऊ देत. त्यानंतर स्वतःचे नाव लिहायला त्या आपणहून पाटी मागतील, असे मी अनेक गावांत पाहिले आहे. एखादी आजी मागत नाही. तेव्हा आणखी एक महिना संदेशच वाचत बसावे.