वंशावळीचा तक्ता काढताना

मानववंशशास्त्राच्या पहिल्या प्रात्यक्षिकात वंशावळीपाशीच बहुतेकांचं घोडं अडतं. पुरुषाला त्रिकोण, बाईला गोल, लग्नाला बरोबरची खूण, वारलेल्यावर तिरपी रेघ. पेन नको, शिसपेन्सिल घे, खोडावं लागतंच. "भाऊ किती?" म्हटलं की चुलतभाऊही मोजले जातात, म्हणून "एका मायच्या पोटचे किती?" असं विचार. गोंड आदिवासींच्या कुळांचे गट देवांच्या संख्येवरून ठरतात, म्हणून त्यांच्या घरी देव किती, चार, पाच, सहा की सात, हे नावाशेजारी लिही. बाईला माहेरचे विचार, नाहीतर ती सासरचे सांगेल. देवांची संख्या सारखी असलेल्यांत सोयरीक जुळवत नाहीत. नवरा-बायकोचा आकडा एकच आला तर आधी स्वतःची वही तपास. आणि कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी गावात कोणी भेटत नाही बाप्पा, सांजेलाच जा.