आयव्हीएफ रिपोर्टमध्ये एक भ्रूण '४एए' आणि दुसरा '३बीबी' आहे. ३बीबी टाकून द्यावा का?

नाही, टाकू नका. आधी ४एए गर्भाशयात ट्रान्सफर करा, ३बीबी गोठवून ठेवा. मी भ्रूण-प्रयोगशाळेत काम करते. ही गार्डनर पद्धत: १ ते ६ हा आकडा म्हणजे पाचव्या-सहाव्या दिवसाचा भ्रूण किती फुगलाय, पहिलं अक्षर बाळ बनणाऱ्या पेशींचं, दुसरं वार (प्लॅसेंटा) बनवणाऱ्या पेशींचं; ए म्हणजे उत्तम, बी त्याखालोखाल. सगळं नुसतं बघून ठरतं, त्यामुळे दोन तज्ज्ञांचे शेरे वेगळे पडू शकतात. शिवाय ३ चा ४ काही तासांतही होतो. बीबीपासूनही निरोगी बाळं जन्मतात (एए असेल तर शक्यता जास्त, एवढंच). मात्र सुरेख दिसणाऱ्या भ्रूणातही गुणसूत्रं चुकलेली असू शकतात, स्त्रीचं वय पस्तिशीपुढे गेल्यावर तर अधिकच. ते या शेऱ्यातून कळत नाही, त्यासाठी पीजीटी-ए ही वेगळी चाचणी असते.