माळ, शपथ आणि तलफ

सातारा

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आल्यावर माळ घालावी की नाही, असे तू विचारले आहेस आणि आईचा त्यासाठी आग्रह असल्याचेही लिहिले आहेस. ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण अशी ज्या जिल्ह्यातून जाते, तेथे माळकरी माणसाला पेल्याचा आग्रह सहसा कोणी करत नाही. हा व्यावहारिक लाभ मी कमी लेखत नाही. मन होत असेल तर माळ जरूर घाल, परंतु आईच्या समाधानासाठी किंवा शपथेच्या धाकाने घालू नकोस.

शपथेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण व्यसन सोडवण्याचा आपल्या गावांतील तोच सर्वांत परिचित उपाय आहे. देवाच्या पायावर हात ठेवून सोडलेली दारू ज्या दिवशी एका घोटाने मोडते, त्या दिवशी माणसाला दारूपेक्षा स्वतःच्या पापाचे भय अधिक वाटते, आणि ‘आता मोडलीच आहे, तर मग काय’ असे म्हणत तो बाटली संपवतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लट यांनी व्यसनाकडे परत वळण्याचा अभ्यास करताना नेमकी हीच अवस्था मांडली आहे: पहिल्या घोटानंतर जी अपराधी भावना येते, तीच अनेकदा पूर्ण घसरणीस कारण होते. म्हणून ज्या श्रद्धेत परतीची वाट बंद असते, ती तुझ्या कामाची नाही. घसरलास तर त्याच दिवशी मला फोन कर, व्यसनमुक्ती गटाची पुढची मीटिंग चुकवू नकोस आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून देवापुढे नेहमीसारखा बस.

हे रोजचे बसणे दहा मिनिटांचे असले तरी पुरे. नाम घे किंवा नुसता श्वास पाहा. मन भरकटले की न रागावता त्याला परत आणण्याचा सराव तेवढा होऊ दे, कारण तलफ आली की तोच उपयोगी पडतो. तलफेशी झगडू नकोस आणि नामाने तिला दडपूही नकोस. ती घशात आहे, जबड्यात आहे की पोटात, हे पाहत राहा. ती लाटेसारखी चढते आणि तिला खतपाणी न घातल्यास बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. ही उपमाही मार्लट यांचीच. मात्र तलफेच्या आधी भूक, राग, एकटेपणा किंवा थकवा यांपैकी काही आहे का, ते तपास. कारखान्याची पाळी संपवून उपाशीपोटी घरी आलास, तर आधी भाकरी खा आणि मग जपाला बस.

गोंदवल्यास चार दिवस राहून येण्याचा बेत चांगला आहे. पण तेथील शांतता सातारा बसस्थानकात उतरेपर्यंत टिकेल, असे गृहीत धरू नकोस.

देवावर विश्वास बसत नाही, असे तू पत्राच्या शेवटी जरा संकोचाने लिहिले आहेस. संकोचाचे कारण नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या 1939 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बारा पायऱ्यांपैकी अकरावी पायरी प्रार्थना आणि ध्यानाची आहे, परंतु तीतही देव म्हणजे ज्याला जसा उमगला तसा, अशी मोकळीक ठेवलेली आहे. शिवाय याच साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांसारख्या विवेकवाद्याने ‘परिवर्तन’ संस्थेतून व्यसनमुक्तीचे काम उभे केले, हे विसरू नकोस. तुला संध्याकाळी माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर गप्प बसून बरे वाटत असेल, तर तेच तुझे ध्यान समज. फक्त तेथे एकट्याने जाण्याची सवय सुरुवातीचे काही महिने नको.

आता औषधांविषयी. जप लागू लागला म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नकोस. तुला डायसल्फिरॅम ही दारू सोडवण्यासाठीची गोळी चालू आहे. ती बंद केल्यावरही सुमारे दोन आठवड्यांपर्यंत दारू पोटात गेल्यास छातीत धडधड, उलट्या आणि रक्तदाब उतरणे असे गंभीर त्रास होऊ शकतात. ती गोळी चहातून नकळत देण्याचा सल्ला कोणी आईला दिलाच, तर तिला स्पष्ट नकार द्यायला सांग. गोळी तू स्वतः, तिच्यासमोर घे. झोप अजून लागत नाही, हे येत्या तपासणीत डॉक्टरांच्या कानावर घाल आणि ते काय म्हणाले ते मला कळव.

तुझा,
एक सोबती